अमीनाबीच्या रानातली माती

पौषातल्या पहाटे दवात उभ्या असलेल्या हरभऱ्यावरून हात फिरवला, की बोटांना एक आंबट ओल चिकटते. तिला आंब म्हणतात. जिभेला लावली तर दात शिवशिवतात. नाकाशी नेली तर थंडी, हिरवेपणा आणि ओली माती या तिघांचा मिळून एकच वास येतो. दर पौषात एकदा तरी मी काही काम नसताना रानात जाते आणि बोटे आंबट करून परत येते. काम नसताना कुठे जाणे हा खरे तर माझा स्वभाव नव्हे. जुन्या पंचांगांच्या कोऱ्या बाजूंवर मी कामांच्या याद्या करते, झालेले काम खोडते आणि त्या रेघेकडे बघून मला बरे वाटते. पण या वासाला कोणत्या यादीत बसवू? त्यात अमीनाबी आहे.

हसनाबादेत आमच्या आणि तिच्या रानामध्ये एक ओढा होता, एवढेच अंतर. ती माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. नवरा गेल्यावर तिने रान स्वतः कसले होते, आणि तिच्या हरभऱ्याचे बी मागायला आसपासच्या गावांतून माणसे येत. तोच तिचा मान होता. आमच्या यांनी ओढ्याकाठची पडीक जमीन मोडून नवे रान काढले, तेव्हा मी पंचविशीत होते. ज्वारी त्यात बरी आली. हरभरा मात्र पिवळा. मी शेणखताच्या गाड्या दुप्पट केल्या, भुईमुगाची पेंड टाकली. पाने चार दिवस हिरवी झाली आणि पुन्हा पिवळी पडली.

एका सकाळी अमीनाबी ओढा ओलांडून आली. माझे एक झाड उपटले; मुळे नुसती सुतळीसारखी. मग तिने आपल्या रानातले एक झाड हलक्या हाताने खणून आणले. त्याच्या मुळांवर तांदळाएवढ्या गाठी होत्या. एक गाठ तिने नखाने फोडली. आत बाळाच्या हिरड्यांसारखा गुलाबी रंग!

"काशे, तुझ्या रानाला हरभऱ्याची वळखच न्हाई," ती म्हणाली. "नव्या सुनेवानी बावरून राह्यलंय ते. पेरनीच्या दिवशी माझ्या रानातली पाटीभर माती घेऊन जा. गुळाच्या पान्यात कालवून बियाला चोळ, अन् जल्दी झाकून टाक. हे बी लिही तुझ्या फेरिस्तीत!" माझ्या याद्यांना ती फेरिस्त म्हणायची आणि पोटभर हसायची.

मी लिहिले. पण पेरणीच्या दिवसावर एखादे काम ढकलील ती मी कसली? फाल्गुनात तिचा हरभरा निघाला तशी मी पाटी भरून आणली. खडे वेचले, माती चाळली, आणि अख्खा चैत्र-वैशाख माळवदावर पसरून कडकडीत वाळवली. मग डब्यात भरली आणि वर चिठ्ठी डकवली. इतके नेटके काम गावात कोणी केले नसेल, असा मला अभिमान वाटला. पेरणीला तीच बियाला चोळली, तरी त्या हिवाळ्यात हरभरा पूर्वीपेक्षाही पिवळा आला.

राजूरच्या बाजारात ती भेटली, तेव्हा भोवती आमच्याच गावच्या सात-आठ बायका होत्या. "अमीनाबी, तुझी माती नुसती मातीच निघाली गं!" मी म्हणाले. बायका हसल्या. "रानाचा कस गेला असंल, अमीनाबी," कोणीतरी जोडून दिले. अमीनाबी हसली नाही. तिने माझ्याकडे नीट पाहिले.

"उन्हात टाकली व्हती का तू?"

तो प्रश्न ऐकताच माझी चूक मला लख्ख दिसली. पण हुशार, टापटिपीची बाई म्हणून ज्यांच्यात माझे नाव होते, त्याच बायका समोर उभ्या होत्या.

"न्हाई," मी म्हणाले.

"बिलकुल न्हाई?"

"न्हाई म्हनलं ना!"

"मंग माझ्याच रानात खोट असंल," ती म्हणाली, आणि पिशवी उचलून चालू लागली.

घरापासून ओढा किती दूर? दोनशे पावले. तेवढी पावले टाकून खरे सांगायला मला सहा महिने पुरले नाहीत! त्या वर्षी बी मागायला तिच्याकडे कमी माणसे गेली, हेही मी पाहिले. दसऱ्याआधी मी भोकरदनला माहेरी गेले. परतले तो तिच्या दाराला कुलूप. हैदराबादेत नोकरीला असलेला मुलगा येऊन तिला कायमची घेऊन गेला होता. रान आता तिच्या दिराकडे होते. तो म्हणाला, "भाभी सांगून गेल्यात, काशीला माती लागली तर नेऊ दे. तिच्या कामी आली न्हाई, तरी एक डाव अजून बघ म्हनावं."

पेरणीच्या सकाळी मी पाटी भरली, वर ओले पोते टाकले, सावलीत बी चोळले आणि ऊन चढायच्या आत पेरले. पौषात रान काळेभोर हिरवे झाले. पुढे खत निम्मे करूनही पीक हटले नाही. हरभऱ्यामागून त्याच रानात पेरलेली ज्वारीही डोक्यावर गेली. बऱ्याच वर्षांनी शेतकी खात्याच्या एका माणसाने समजावले, की त्या गाठींत डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात. झाड त्यांना घर देते, ते झाडाला हवेतले सत्त्व धरून देतात. मी माळवदावर काय वाळवत होते, ते तेव्हा उमगले. जे मोजता येते ते सगळे मी सांभाळले होते!

तिच्या दिराकडून पत्ता घेऊन, गावच्या मास्तरांकरवी खरे काय ते सांगणारे उर्दू पत्र धाडले. उत्तर आले नाही. तिला वाचता येत नव्हते. ते कोणी तिला वाचून दाखवले असेल का? की अजूनही कुठल्याशा गल्लीत बसून ती आपल्या रानाला दोष देत असेल?

तिच्या दिराने ते रान आता कपाशीखाली घेतले आहे. हरभऱ्याला ओळखणारी तिची माती आता माझ्याच रानात उरली. पेरणीच्या दिवशी बायका येतात, "अमीनाबीची माती द्या" म्हणतात, आणि मी ओल्या पोत्याखालून पाटी भरून देते. प्रत्येकीला सांगते: उन्हात टाकू नका, मी टाकली होती, आणि टाकली नाही म्हणून तिच्याशी खोटे बोलले. राजूरला त्या दिवशी हसलेल्यांपैकी तिघी त्यांत आहेत; त्यांनाही सांगितले. जिला सांगायला हवे होते, तीच ऐकायला नाही.

यंदाही पौषात गेले. एक झाड खणले, गाठ नखाने फोडली. गुलाबी! दाखवायला मान वर केली, तो ओढ्यापलीकडे कपाशीची वाळलेली पऱ्हाटी उभी. बोटांना आंब होती, नखांत तिच्या रानाची माती. घरी आल्यावर कितीतरी वेळ मी हात धुतले नाहीत.