पट्टीत नसलेला रंग

सहा वर्षांपूर्वी ताई हापशीच्या ओट्यावर घसरली आणि तिचे वरचे समोरचे दोन दात मोडले. तेव्हा बसवलेल्या कॅप आतून धातूच्या होत्या, वर पोर्सलेनचा थर. दोन-तीन वर्षांत हिरडी मागे सरली आणि दातांच्या मुळाशी काळी रेघ दिसू लागली. राळेगाव तालुक्यातल्या आमच्या वस्तीच्या विहारात पौर्णिमेची वंदना ताई म्हणायची, बाकीचे तिच्यामागून. ती मागच्या रांगेत बसू लागली, पदर तोंडावर धरून. मी यवतमाळला वर्तमानपत्रात काम करतो, गावी महिन्यातून एकदा जातो. हे माझ्या लक्षात यायला दोन वर्षं लागली.

मी तिला यवतमाळच्या दातांच्या डॉक्टर मॅडमकडं नेलं. त्यांनी जुन्या कॅप काढायच्या ठरवल्या. नव्या निव्वळ पोर्सलेनच्या बसवू, म्हणाल्या. आत धातू नसतो, म्हणून हिरडी सरली तरी काळी रेघ दिसत नाही. उजेड खऱ्या दातासारखा थोडा आत शिरतो, त्यामुळे दात चुन्याचा वाटत नाही. रंगही हवा तसा देता येतो. मात्र त्या दातांनी सुपारी फोडायची नाही, ऊस सोलायचा नाही.

"ऊस हाये कुठं आमच्याकडं?" ताई म्हणाली. "अन् कापसाची पऱ्हाटी कोण दातानं सोलते?"

दुसऱ्या खेपेला नागपूरच्या लॅबमधून कॅप आल्या. पांढऱ्याशुभ्र. ताईनं आरसा बराच वेळ धरला.

"हे माहे दात नोहोत, मॅडम. टीव्हीतल्या बाईचे हायेत."

मॅडम म्हणाल्या, बहुतेक लोक असेच मागतात. हवं तर बाजूचे चारही घासून बारीक करू आणि त्यांवरही तशाच कॅप बसवू.

"चांगले दात कायले घासाचे?"

प्रत्येक खेपेला ताईसोबत दवाखान्यात यायला मी रजा घेत होतो; आणखी एक मागायची नव्हती. म्हणालो, "राहू दे ना ताई. छान दिसून राह्यले."

"तुले छान दिसून राह्यले. विहारात माह्याकडं कोणी पाहणार नाही, या दोघाइकडंच पाहतीन."

आमच्या वस्तीच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. लहानपणी ते प्यालेल्यांच्या दातांवर पिवळट-तपकिरी पट्टे असतात. त्या पाण्याच्या बातम्या मी अनेकदा लिहिल्या. 'डागाळलेले दात' असं लिहायचो. तसेच दात माझ्याही तोंडात आहेत, हे कुठल्याच बातमीत आलं नाही.

मॅडमनी रंगांची पट्टी काढली. तिच्यात निरनिराळ्या छटांचे नमुन्याचे दात होते. एकही जुळेना. ताईच्या बाजूच्या दातांवर पट्टे पुसट होते. मोडलेले दोन मुळात कसे होते, हे सांगणारा फोटो नव्हता. तिच्या प्रत्येक फोटोत तोंड मिटलेलं.

ताई माझ्याकडं वळली. "ह्याचे पाहा, मॅडम. एकाच बोअरचं पाणी पेलो आमी. उघड रे तोंड."

फोटोत मीही कधी दात दाखवत नाही. मॅडमनी दिवा बंद केला आणि मला खिडकीपाशी उभं केलं. रंग दिवसाच्या उजेडातच खरा कळतो, म्हणाल्या. लॅबला फोटो पाठवायला त्यांनी मोबाइल काढला.

"अजून," त्या म्हणाल्या. मी ओठ वर ओढून उभा राहिलो. ताई पदराआड हसत होती.

"इतक्या वर्षांनी कामी आले तुहे दात."

तिसऱ्या खेपेला ताईची एसटी पाऊण तास उशिरा आली. बातमीसाठी ताटकळायची सवय आहे, तरी स्टँडवर पाय दुखले. या कॅपवर फिकट तपकिरी पट्टे होते, डाव्या दातावर किंचित गडद, माझ्या डाव्या दातावर आहे तसा. मॅडमनी त्या बसवल्या. ताईनं जीभ फिरवली, आरशात पाहिलं, आरसा परत दिला. परतीच्या गाडीत बसली तेव्हाही पदर तोंडावरच होता. एवढ्या खेपा वाया गेल्या, असं मला वाटलं. त्यावर विचार करण्याइतकी ताकद नव्हती.

पौर्णिमेला गावी गेलो. विहाराच्या दारात शेजारच्या म्हातारीनं ताईला थांबवलं, तिचा पदर हातानं बाजूला केला आणि अगदी जवळ येऊन तोंडाकडं पाहिलं.

"कावं, दात बसवाले गेलती ना तू यवतमाळले? मंग बसवले काहून नाही?"

ताई मोठ्यानं हसली. पदर खांद्यावरच राहिला. मग ती आत गेली, सरळ पुढं जाऊन बसली आणि तिनं वंदना सुरू केली. मी मागच्या रांगेत भिंतीला टेकलो आणि इतरांबरोबर म्हणू लागलो.