धारकाची सही

नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात तिला सगळे त्रुटीबाई म्हणत. तोंडावर नाही, तोंडावर नुसतं ‘बाई’. पण ते नाव तिच्या कानावर आलं होतं आणि खरं सांगायचं तर तिला त्याचं वाईट वाटत नसे. नळजोडणीचा अर्ज टेबलावर आला की त्यातली चूक तिला वाचायच्या आधीच दिसायची. कुठे तारखेतलं वर्ष राहिलेलं, कुठे घर नंबरातला ‘अ’ गाळलेला, कुठे सही चौकटीबाहेर गेलेली. मग ती समासात बारीक, सुबक अक्षरात ‘त्रुटी’ असं लिहून अर्ज परत पाठवायची. सव्वीस वर्षांत तिच्या हातून गेलेल्या एकाही फाइलवर वरच्या कार्यालयाने बोट ठेवलं नव्हतं.

सगळ्या सेवा ऑनलाइन करायचं ठरलं तेव्हा एका कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन तिच्यासमोर येऊन बसला. अर्ज कधी नाकारायचा तेवढं सांगा, म्हणाला. तिने एकही परिपत्रक न उघडता एका दुपारी एक्केचाळीस अटी सांगितल्या. सतरावी अट अशी होती की, जोडणी दुसऱ्याच्या नावावर करायची तर सध्याच्या धारकाची सही हवी आणि ती जुन्या नोंदीतल्या सहीशी जुळायला हवी. भाडेकरू घरमालकाच्या नकळत नळ आपल्या नावावर करून घेतात, तिने स्वतः एकदा असं प्रकरण पकडलं होतं. सही जुळली नाही तर पडद्यावर काय दाखवायचं, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, लिहा, खोटी सही करणे हा दंडनीय गुन्हा आहे. जरा कडक होतंय, असं तो चाचरत म्हणाला. लोकांना जरब हवी, असं म्हणून तिने तो विषय संपवला.

कागदाच्या काळात नवरा गेलेली बाई स्वतः टेबलाशी येऊन उभी राहायची. मृत्यूचा दाखला पुढे करायची. सहीच्या चौकटीत त्रुटीबाई स्वतःच ‘मयत’ लिहायची आणि अर्ज पुढे सरकवायची. हे इतकं उघड होतं की यंत्राला ते वेगळं सांगायला हवं, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

मुख्याधिकाऱ्यांनी तिला प्रशस्तिपत्रक दिलं. त्या आठवड्यात तिने नणंदेला आणि नणंदेच्या यजमानांना जेवायला बोलावलं. नणंद तिच्याहून सात-आठ वर्षांनी मोठी, म्हणून ती तिला ताई म्हणे. यजमानांचं चष्म्यांचं दुकान होतं आणि घरात त्यांना सगळे दाजी म्हणत. जेवताना तिने एक्केचाळीस अटींची गोष्ट रंगवून सांगितली. ते जरबेचं वाक्यही सांगितलं. दाजी म्हणाले, “वहिनी, मी तर पहिल्याच रकान्यात अडकेन.” सगळे हसले. सगळ्यात जास्त ताई हसल्या.

दीड वर्षाने दाजी गेले. चार दिवस दवाखान्यात होते, पाचव्या दिवशी संपलं. त्यांची मुलगी परदेशातून आली, पंधरा दिवस राहिली आणि परत गेली. पहिले दोन महिने ताई दर रविवारी भावाकडे यायच्या. मग गुडघा दुखतोय म्हणाल्या, मग घरात आवराआवर काढलीय म्हणाल्या. पुढेपुढे फोनही उचलेनाशा झाल्या. त्रुटीबाईचा नवरा म्हणाला, तिला थोडे दिवस एकटीला राहू दे. तिलाही ते पटलं. दोन गल्ल्या पलीकडे जाऊन बघून यावं, असं काही तिला सुचलं नाही.

त्याच सुमारास कार्यालयात एक नवी अधिकारी आली. वयाने त्रुटीबाईच्या मुलीएवढी. तिने सगळ्या विभागांना एकत्र बसवून सांगितलं की माणूस काही विभाग शोधत येत नाही. त्याच्या घरात काहीतरी घडलेलं असतं. मूल झालेलं असतं, घर बदललेलं असतं, कुणीतरी गेलेलं असतं. आपण त्याला पाच दारं फिरवतो आणि प्रत्येक दारात तेच ते सांगायला लावतो. तेव्हा आता माणसं कुठे अडकतात ते बघायचं आणि त्यावरून सगळी मांडणी नव्याने करायची. तिने त्रुटीबाईकडे वर्षभरातल्या नावबदलाच्या नाकारलेल्या अर्जांचा गठ्ठा दिला. तीनशे एकोणीस छापील पानं. “बाई, चुका बघू नका. त्या यंत्राने बघितल्यात. शेवटच्या रकान्यात माणूस काय म्हणतोय ते वाचा.”

अर्जाच्या तळाशी ‘अर्जदाराचे म्हणणे’ असा रकाना होता. तो कोण वाचतं, हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता, कारण तो कुणीच वाचत नव्हतं. आपल्याला बालवाडीत बसवल्यासारखं वाटून त्रुटीबाई गठ्ठा घेऊन टेबलाशी आली. दोन दिवस तिने कपाळाला आठ्या घालून वाचलं. तिसऱ्या दिवशी सकाळी एक पान हातात आलं. घर नंबर तिच्या ओळखीचा होता. मग तिने नाव वाचलं.

ताईंचे सात अर्ज होते.

पहिल्या अर्जाच्या तळाशी लिहिलं होतं, “सही करायला ते नाहीत. ते गेले म्हणूनच अर्ज करत आहे.” दुसऱ्याला मृत्यूचा दाखला जोडलेला होता. तो याच नगरपालिकेने, याच इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून दिलेला, म्हणजे त्रुटीबाईच्या टेबलापासून एक जिना वर. तिसऱ्यात होतं, “कृपया मदत व्हावी.” चौथ्यात, “कुणाची सही चालेल ते कळवावे.” पाचव्यात, “मीटरजवळचा पाइप गळत आहे. तक्रार धारकानेच करावी असे येते.” सहाव्या अर्जात सही होती. दाजींची सही ती चांगली ओळखत होती. शेवटच्या अक्षराची शेपटी ते लांब ओढायचे. इथेही ती ओढलेली होती, पण मध्येच थरथरून तुटली होती. हात ताईंचा होता. खाली यंत्राने छापलं होतं, सही जुळत नाही, खोटी सही करणे हा दंडनीय गुन्हा आहे. सातव्यात सही नव्हती, दाखला नव्हता, काहीच जोडलेलं नव्हतं. “माझ्याकडून चूक झाली. क्षमा असावी. अर्ज मागे घेत आहे.”

तोही अर्ज यंत्राने परत पाठवला होता. धारकाची सही नाही म्हणून.

 त्रुटीबाईने आजूबाजूला पाहिलं तर शेजारचा कारकून फोनवर बोलत होता. तिने ती सात पानं गठ्ठ्यातून काढली, घडी केली आणि पर्समध्ये ठेवली. का ठेवली, हे तिला पुढे कधी नीट सांगता आलं नाही. कुणी बघू नये, एवढंच त्या क्षणी मनात होतं. नोंदीच्या कागदावर तिने एकूण अर्ज तीनशे बारा असा आकडा लिहिला. इतक्या वर्षांच्या नोकरीत तिने केलेली ती पहिली खोटी नोंद.

दुपारी अर्धा दिवस रजा टाकून ती ताईंकडे गेली. बाहेर मीटरच्या पाइपला चिंध्या गुंडाळल्या होत्या आणि खाली बादली ठेवली होती. दार उघडलं आणि तिला बघून ताईंचा चेहरा उतरला. त्या बाजूला झाल्या. आत फडताळावर दाजींचा मोबाइल चार्जिंगला लावलेला होता. तिने त्याकडे पाहिलं, तेव्हा ताईंनीच खुलासा केल्यासारखं सांगितलं की अर्जाचा कोड त्याच नंबरवर येतो, म्हणून तो चालू ठेवावा लागतो.

मग त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, “पोलिसांत जातं का गं ते?”

“काय?”

“सहीचं.”

पाच महिने त्या वाट बघत होत्या. अनोळखी नंबर आला की फोन पालथा घालून ठेवत होत्या. मुलीला सांगितलं नव्हतं, भावाला सांगितलं नव्हतं. दारावर कुणी थाप मारली की आधी खिडकीतून बघत होत्या. हे सगळं त्यांनी तुटक तुटक सांगितलं, जणू आपल्याच गुन्ह्याचा जबाब देत असाव्यात. 

ते ऐकून त्रुटीबाई म्हणाली, “ताई, ते वाक्य माझं आहे.”

“ठाऊक आहे. जेवताना तूच सांगितलं होतंस.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

ताई म्हणाल्या, “सांगितलं असतं तर तू माझ्यासाठी नियम मोडला असतास. नाहीतर मोडला नसतास. मला दोन्ही नको होतं.”

उद्या सकाळी टेबलावर बसल्या बसल्या करून टाकते, असं त्रुटीबाई म्हणाली. ताईंनी नकारार्थी मान हलवली. सगळ्यांचं होईल तेव्हा माझं होऊ दे, एवढंच म्हणाल्या. पोलिसांचं मात्र त्यांनी तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं, की काही होणार नाही.

दुसऱ्या दिवशी नव्या अधिकारीणबाई तिच्या टेबलाशी आल्या. कॉम्प्युटरच्या हिशेबाने पानं तीनशे एकोणीस आणि बाईंच्या कागदावर तीनशे बारा, कुठे मोजायला चुकलं का, असं त्यांनी सहज विचारलं. हो म्हणून वेळ मारून नेता आली असती. कुणी संशयही घेतला नसता, कारण बाईंवर संशय घ्यायची कुणाला सवयच नव्हती. त्रुटीबाईने पर्स उघडली आणि घडी घातलेली पानं टेबलावर ठेवली.

“माझ्या नणंदेची आहेत,” ती म्हणाली. “मी काढून घेतली होती.”

अधिकारीणबाईंनी उभ्यानेच सातही पानं वाचली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, “त्या येतील का इथे? फॉर्म भरताना आम्हाला बघायचंय.”

ताई आल्या. ठेवणीतले कपडे घालून, दाखल्याच्या तीन प्रती घेऊन आल्या. छोट्या खोलीत त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं. बाजूला प्रोग्रामिंग करणारे दोघे, मागे अधिकारीणबाई, भिंतीला लागून त्रुटीबाई. कुणीही बोलायचं नाही, सांगायचं नाही, असं ठरलं होतं. घरातलं माणूस गेल्यावर जे जे अर्ज करावे लागतात ते सगळे ताई एकामागून एक भरू लागल्या. “मला नीट येत नाही हो,” असं म्हणत त्यांनी सुरुवात केली आणि पाऊण तासात किती वेळा माफी मागितली ते मोजणं त्रुटीबाईने सोडून दिलं. पान उघडायला वेळ लागला तरी त्या म्हणायच्या, माझंच चुकलं असेल. दाजी गेल्याची तारीख त्यांनी पाण्यासाठी लिहिली, घरपट्टीसाठी लिहिली, दुकानाच्या परवान्यासाठी लिहिली. चौथ्यांदा लिहिताना त्यांनी डोळे पुसले आणि त्याचीही माफी मागितली. प्रोग्रामिंग करणाऱ्यांपैकी एकाने पडद्याकडे बघायचं सोडून खाली बघायला सुरुवात केली. धारकाच्या सहीची चौकट आली तेव्हा ताईंनी माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. मागे वळून त्यांनी वहिनीकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर त्रुटीबाईला तिथे थांबणं जमलं नसतं.

नवं पान तयार व्हायला चार महिने लागले. त्याचं पहिलं वाक्य त्रुटीबाईला लिहायला सांगितलं होतं. तिने लिहिलं, ‘मृत्यूची नोंद झाल्यानंतर करावयाच्या बाबी’. ते परत आलं. असं पाच वेळा झालं. सहाव्यांदा तिने लिहिलं, ‘घरातलं कुणी गेलं असेल तर इथून सुरू करा’, आणि ते राहिलं. आता तारीख विचारत नाहीत, तिसऱ्या मजल्यावरची नोंद आपोआप खाली येते. नळ, घरपट्टी, परवाना यांतलं काय काय आपल्या नावावर हवं, एवढ्यावर खूण करायची. एक्केचाळीस अटींपैकी अकरा उरल्या. तीस तिने स्वतःच्या हाताने खोडल्या. बैठकीत मुख्याधिकारी म्हणाले की हे बाईंच्या अनुभवामुळे झालं, आणि टाळ्या वाजल्या. तिला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. आपलं नाव अहवालात नको, असं तिने नंतर लेखी दिलं.

नवं पान सुरू झाल्यावर नऊ दिवसांनी ताईंची जोडणी त्यांच्या नावावर झाली आणि पाइपही बदलला. रविवारी त्या पुन्हा येऊ लागल्या. पण अजूनही कुठल्या कागदावर सही करायची असली, अगदी कुरिअर घ्यायचं असलं, तरी त्या पेन उचलून आधी विचारतात, “इथे मी केली तर चालेल ना?” वहिनी हो म्हणते आणि दुसरीकडे बघते.

राहिलेल्या तीनशे बारा अर्जांचा विषय कुणीच काढला नव्हता. त्रुटीबाईनेच अधिकारीणबाईंकडे जाऊन मागून घेतला. रोज दुपारी तीन ते चार ती यादी समोर घेऊन एकेकाला फोन लावते. नगरपालिकेतून बोलतेय म्हटल्यावर काही जण घाबरतात. काही शिव्या देतात, त्या ती ऐकून घेते. परवा एका वयस्कर गृहस्थांनी फोन उचलला. बायकोच्या नावावरचा नळ आपल्या नावावर करायला त्यांनी चार अर्ज केले होते. तिने सांगितलं की आता सही लागत नाही, पुन्हा काही भरायचंही नाही, तुम्ही हो म्हणालात तर मी इथूनच सुरू करते.

“आता ते घरच राहिलं नाही हो,” ते म्हणाले. “मुलाकडे राहायला आलो. तिकडे पाण्याचं काही जमेना.”

तिने माफी मागितली. ते म्हणाले, तुमचा काय दोष, तुम्ही तर फोन करताय. त्यावर तिने त्यांना सगळं सांगितलं, सतरावी अट कुणी लिहिली तेही.  मग त्यांनी फोन ठेवला. तिने त्यांच्या नावापुढे ‘बोलणे झाले’ असं लिहिलं आणि पुढचा नंबर लावला.