कमळाबाईंच्या गोदामातला कॅमेरा

मानकोलीच्या कमळाबाई पाटील नवरा गेल्यापासून एकट्याच गोदाम सांभाळतात. मागे एका औषधवाल्या भाडेकरूसाठी त्यांनी हौसेनं एसीची खोली बांधून दिली होती. तो तिथे मुदत संपलेल्या औषधांवर नवी लेबलं चिकटवायचा. धाड पडली, तो पळाला आणि कमळाबाईंना दिवसभर पोलीस ठाण्याच्या बाकड्यावर बसावं लागलं. ओळखीचे लोक येता-जाता बघत होते. तेव्हापासून गोदामात आलेलं प्रत्येक खोकं त्या उघडून बघतात.

यंदा त्याच खोलीत आल्हाद नावाच्या इंजिनियरनं एक भलीमोठी पेटी आणून ठेवली. आत कॅमेरा आहे म्हणाला. नाशिककडच्या एका डोंगरावरच्या दुर्बिणीला बसवायचा होता, पण दरड कोसळून वरचा रस्ता बंद पडला होता.

"उघडून दाखव," कमळाबाई म्हणाल्या.

"इथे नाही उघडता येणार, मावशी. धुळीचा कण गेला तरी फोटोत डाग पडतो."

औषधवालाही असंच बोलायचा, हवा लागली की माल बिघडतो म्हणून.

कमळाबाईंनी पेटीभोवती चकरा मारल्या. कॅमेरा म्हणे, आणि कपाटाएवढा! शेजारी गॅसची टाकी, तिची नळी थेट पेटीत गेलेली. आल्हाद रोज येई, टाकीचा काटा बघे आणि फोनवर कुजबुजत बसे. एकदा त्या आत येताच त्यानं घाईघाईनं फोन बंद केला. झालं! दुसऱ्या दिवशी त्या हवालदाराला घेऊनच आल्या.

हवालदारानं कागद पाहिले, तरी पेटीवर दांडका आपटून म्हणाला, "उघडा."

आल्हाद पांढराफटक पडला. पेटीला पाठ लावून उभा राहिला. "आठ वर्षं घातलीत मी यात. हवं तर मला ठाण्यावर न्या, पण हिला असा हात लावू नका."

कमळाबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. औषधवाला माल टाकून पळाला होता. हा जागचा हलेना.

"थांबा जरा," त्या हवालदाराला म्हणाल्या. मग आल्हादला, "धूळ न जाता उघडायची कायतरी रीत असंल ना? मना बघायचाच हाय."

रीत होती. आल्हादनं सहकारी बोलावून प्लॅस्टिकचा तंबू उभारला, आत हवा गाळणारं यंत्र लावलं. नखशिखांत पांढरे कपडे चढवून कमळाबाई आत शिरल्या. झाकण निघालं. जाड काचेमागे परातीएवढी काळी तबकडी होती, फरशा बसवाव्यात तसे चकचकीत चौकोन जोडून केलेली.

"याला भिंग कुठाय?"

"भिंग, आरसे दुर्बिणीत असतात. त्यांनी गोळा केलेला उजेड या चौकोनांवर पडतो. पुनवेचे चाळीस चंद्र शेजारी शेजारी मावतील, एवढं आभाळ एका फोटोत येतं."

"आन गॅस कसाला?"

"आत दमट हवा राहू नये म्हणून. नायट्रोजन आहे, पेटत नाही."

"मी आले की फोन कसाला बंद करतोस?"

आल्हाद लाजला. "आई असते. लग्नाचं विचारते."

तंबूबाहेर हवालदार खो-खो हसला. कमळाबाई हसल्या नाहीत. रस्ता खुला होऊन पेटी निघाली, तेव्हा ट्रक खरंच नाशिकच्या दिशेनं जातो का, हे बघायला त्या रिक्षा करून बरंच अंतर मागे गेल्या.

हिवाळ्यात आल्हादनं फोटो पाठवला. तांदूळ उधळावेत तशा चांदण्या. कमळाबाईंनी तो बोटांनी मोठा करत कोपरा न् कोपरा तपासला आणि फोन लावला.

"ही एक चांदणी लांबडी कशी?"

"तो लघुग्रह आहे, मावशी. फोटो निघेपर्यंत पुढे सरकला."

"लक्ष ठेव त्याच्यावर," कमळाबाई म्हणाल्या. "मना तो बरा वाटत न्हाय."