ललिताबाईचा उजवा अंगठा

कोरपना तालुक्यात ललिता दुर्गेला ओळखत नाही असा कापूसवाला विरळा. दोन्ही हातांनी एकदम वेचणारी त्या भागात ती एकटीच. शेतवाले वेचणीचा निरोप तिलाच देत, आणि ती बारा-पंधरा बायका घेऊन जाई. नवरा रामाजी सिमेंट कारखान्यात ठेकेदाराकडे पोती उचलायचा. कमरेची गादी सरकली आणि तो घरी बसला. तेव्हापासून घर ललिताच्या हातांवर होतं.

बोटांना मुंग्या येत, ती हात झटकायची आणि पुढचं बोंड धरायची. दोन-तीन वर्षं असंच गेलं. सत्तेचाळिसाव्या वर्षी, दुसऱ्या वेच्याला, शेजारच्या ओळीतली साधना थांबली.

"ललिताबाई, तुमच्या कापसाले रक्त लागून राह्यलं."

बोंडाच्या सुकलेल्या टोकानं उजव्या तर्जनीचं नख उचकटलं होतं. ललितानं ते बोट अंगठ्यानं दाबून पाहिलं. दाबलेलं दिसत होतं, कळत नव्हतं.

चंद्रपूरच्या दवाखान्यात नसेची तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी तिचा तळहात उजेडाकडे धरला. अंगठ्याखालचा मांसाचा उंचवटा बसून गेला होता.

"मनगटात नस दबली आहे. ऑपरेशन लहानसं आहे, पण दीड-दोन महिने वेचणी बंद."

"मंग हात पयल्यासारखा होईन का?"

"मुंग्या जातील, झोप लागेल. अंगठ्यात ताकद किती येईल ते आज सांगता येत नाही. पण उशीर कराल तितकी आशा कमी."

पुढच्या आठवड्याची तारीख मिळाली. शेतं तेव्हा पांढरी होऊन उभी होती.

"करून घे," रामाजी म्हणाला.

"अन् वेचाले कोण जाईन? तुमी?"

बोलून गेल्यावर तिला वाईट वाटलं. रामाजी भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

जिवतीकडच्या बुधरीनं मागच्या वर्षी हेच ऑपरेशन केलं होतं, असं कळलं. बुधरी बांबूच्या टोपल्या विणायची. ललिता एसटीनं तिच्याकडे गेली. बुधरीनं हात पुढे केला. तळव्यावर बोटभर पांढरी रेघ होती.

"झोप लागते आता," बुधरी म्हणाली. "पण कोयता धरला का इथी कळ येते. टोपल्या सोडल्या मी."

"मंग काऊन केलं व?"

"रडत होती ना मी रोज. डॉक्टरनं सांगतलं त्याच आठवड्यात केलं."

"मी करू का नको?"

"ते मले नको विचारू, बाई. तुह्या हाताचं मी कसं सांगू?"

परतताना एसटीत ललिताच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली, की बुधरीच्या टोपल्या सुटल्या. तारीख तिनं जाऊ दिली. मनगटाला पट्टा बांधला आणि वेचत राहिली. पौषात तिला भाजीत टाकायला चिमूटभर मीठ धरता येईना. माघात साडीची निरी हातातून निसटू लागली. पिंकी, तिची लेक, सासरहून आली, तिनं आईची वेणी घातली आणि दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी जुन्या कागदावरची तारीख पाहिली. रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं ललिताला वाटलं.

ऑपरेशन झालं. टाके निघाले, हळूहळू मुंग्या गेल्या. कितीक वर्षांनी ती उजाडेपर्यंत झोपली. पण अंगठा करंगळीपर्यंत पोचेना. रबरी चेंडू दाबायला सांगितला होता. तो तिनं उन्हाळाभर दाबला, पावसाळाभर दाबला.

दसऱ्यानंतर ती शेतात गेली. बायकांनी तिला बांधाजवळची सोपी ओळ दिली. बोंडातून कापूस एका ओढीत सुटावा लागतो. तिच्या हातानं तो तुटून येत होता, सुकलेल्या पानांचा चुरा घेऊन. दुपारी शेतवाल्यानं तिच्या ओटीतला कचरा पाहिला. तो तसाच साधनेजवळ गेला आणि म्हणाला, "उद्यापासून निरोप तुलेच देत जाईन."

साधनेनं मान खाली घातली, पण नाही म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी बायकांची गाडी दारासमोर थांबली. ललिता उठली नाही. गाडीनं दोनदा हॉर्न दिला आणि ती गेली.

"डॉक्टरचं तवाच आयकलं असतं तर..." रामाजी म्हणाला आणि थांबला.

"तर काय? बुधरीनं तर वेळेवर केलं होतं."

"मंग तू चुकली नाई, असं समज."

"कसं समजू?" ललिता म्हणाली. "चुकली असती तं सोताले शिव्या देल्ल्या असत्या. नाई चुकली म्हणावं, तं हे काऊन झालं? काईच धराले नाई मले."

 कमरेला हात लावून रामाजी उठला आणि चूल पेटवायला गेला.