दादांचे बावीस हात

आमच्या विहिरीवरून आता एसटी जाते. कळंब सोडून नारायणगावच्या दिशेने निघालं की उजव्या हाताला एक जुनं चिंचेचं झाड लागतं. त्या झाडाच्या सरळ रेषेत, डांबराच्या खाली, आमची विहीर आहे. रस्ता रुंद करताना ती बुजवली, त्याला आठ वर्षं झाली. गाडी साठच्या वेगात असेल तर विहिरीच्या जागेवरून जायला तिला अर्धा सेकंद लागतो. हे मी घड्याळ लावून मोजलेलं नाही. विहिरीचा व्यास आठ मीटर चौऱ्याण्णव सेंटिमीटर होता, त्यावरून काढलेलं आहे.

हा आकडा मी आठ वर्षं आक्कापासून लपवून ठेवला होता. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याहून चार वर्षांनी मोठी, आळ्याला दिलेली. त्या दिवशी मी तिच्याकडेच निघालो होतो. तिने फोनवर दोन कामं सांगितली होती. पोहण्याची जागतिक स्पर्धा चालू होती, तीत आपल्या देशाचा संघ उतरला होता, आणि त्या दिवशी मुलींची छातीवरची, म्हणजे बेडकासारखं पोहायची शर्यत होती, ती माझ्याबरोबर बघायची होती. हे पहिलं काम. दुसरं म्हणजे शनिवारी आळ्याच्या शाळेत मुलींपुढे बोलायला तिला बोलावलं होतं, तर तिची जुनी वेळ मी कागदावर लिहून खाली सही करून द्यायची. वेळ मीच लावलेली, तेव्हा सही माझीच पाहिजे, असं तिचं म्हणणं.

ती वेळ म्हणजे एक मिनिट चोवीस सेकंद. शंभर मीटरला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं दुपारभर विहिरीत असायचो. दादा, म्हणजे आमचे वडील, पोराच्या पाठीला डालड्याचा रिकामा डबा बांधायचे, छातीखालून दोर घ्यायचे आणि काठावरून अलगद खाली सोडायचे. आठ दिवसांनी डबा सुटायचा, पंधरा दिवसांनी दोर. आक्काचा डबा तिसऱ्या दिवशी सुटला, असं आई सांगायची. बाकीची पोरं मुटका मारून पाणी उडवत बसायची. आक्का परकराचा काचा मारून बेडकासारखी पोहत राहायची, या काठापासून त्या काठापर्यंत. पाण्याच्या वर फक्त तिची वेणी आणि नाक दिसे. आवाज जवळजवळ नाहीच. वर इंजिन धडधडत असायचं, त्याचा हादरा पाण्यातल्या दगडांना हात लावला की जाणवायचा. ओल्या दगडांचा आणि शेवाळाचा तो वास मला पुढे कुठल्याच पाण्याला आला नाही.

मी बारा वर्षांचा होतो, पोहण्यात बेताचा आणि गणितात बरा. आपल्या संघातल्या एका मुलीची परदेशातली वेळ वर्तमानपत्रात छापून आली होती. ती वाचून माझ्या डोक्यात आलं की आक्काची वेळ काढावी. पण अंतर ठाऊक हवं. मी दादांना म्हटलं, विहीर मोजून द्या. दादांनी नाडा एका काठावरून दुसऱ्या काठावर ताणून धरला, मग ओट्यावर बसून तो कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजत गेले. धान्य मापताना एक न म्हणता लाभ म्हणायची त्यांची सवय, तशीच इथेही. लाभ, दोन, तीन. बावीस हात भरले.

आमच्या पुस्तकात कोष्टक होतं, एक हात म्हणजे अठरा इंच. बावीस हात म्हणजे तेहतीस फूट, म्हणजे दहा मीटर आणि वर बोटभर. दहा फेऱ्या झाल्या की शंभर मीटर. इतका गोल हिशेब मला त्याआधी आयुष्यात मिळाला नव्हता.

घरातलं गजराचं घड्याळ काठावर ठेवून मी वेळ लावली. सेकंदकाटा बारावर आला तसा खाली हात केला. दहाव्या फेरीला आक्काने दगडाला हात लावला तेव्हा एक मिनिट चोवीस सेकंद झाले होते. वर्तमानपत्रातल्या मुलीपेक्षा सेकंदभराने कमी. मी खात्री म्हणून दोन दिवसांनी पुन्हा वेळ लावली. पुन्हा तेच.

शाळेतल्या खेळाच्या सरांनी तो आकडा ऐकून दादांना निरोप पाठवला की मुलीला पुण्याला नेऊन चाचणी द्यायला लावा. दादा दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, बघू. त्याच वर्षी आळ्याचं स्थळ आलं आणि बघायचं राहून गेलं. आक्का रडली वगैरे नाही. सासरी जाताना मला एवढंच म्हणाली, आकडा जपून ठेव. मी तो वहीत लिहून ठेवला. तिने मात्र तो चाळीस वर्षं तोंडात ठेवला. दाजींनी चेष्टा केली की आकडा, सूनबाई नवीन आली तेव्हा आकडा. आळ्यातल्या तीन पिढ्यांच्या मुली तिने विहिरीत पोहायला शिकवल्या, आता डब्याच्या जागी प्लॅस्टिकचा कॅन असतो, त्या प्रत्येकीला पहिल्या दिवशी आकडा.

माझी नोकरी घोडेगावला, एका कार्यालयात बांधकामांची मोजमापं लिहायची. रस्त्यासाठी विहीर मोजायला माणसं आली तेव्हा टेपचं दुसरं टोक धरायला मीच उभा होतो. समोरून आकडा ओरडला गेला, आठ चौऱ्याण्णव. मी म्हटलं, पुन्हा बघा. पुन्हा आठ चौऱ्याण्णव. टेप हातात असतानाच मनात गुणाकार झाला. दहा फेऱ्यांचे एकोणनव्वद मीटर चाळीस. शंभराला दहा मीटर साठ कमी. म्हणजे आक्काची एक अख्खी फेरी आणि वर दीड मीटरभर पोहायचं राहिलंच होतं. त्या गतीने शंभर मीटरला एक मिनिट चौतीस लागले असते. दादा बुटके होते, त्यांचा हात अठरा इंच नव्हता. आणि तो अठरा इंच आहे असं दादा कधी म्हणालेही नव्हते. ते मी धरलं होतं.

आक्काला सांगायला म्हणून मी दोनदा आळ्याला गेलो आणि न सांगता परत आलो. तिच्याजवळ स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं.

त्या दिवशी पोहोचलो तेव्हा सूनबाईने मोबाइल टीव्हीला जोडून दिला होता. दाजी बाजेवर आडवे होते. मला बघून म्हणाले, "या पावणं. तुमची आक्का आता टीव्हीतच उडी टाकती का काय, बघा."

आधी मुलांची, चौघांनी एकामागून एक पोहायची शर्यत झाली. आपले चौघे त्यांच्या गटात शेवटचे आले. शेवटचा भिंतीला लागला तेव्हा पहिले बाहेर येऊन अंग पुसत होते. तरी सूनबाईने ऐकून सांगितलं की आपल्या देशातल्या चौघांनी याआधी इतक्या कमी वेळात हे अंतर कधी कापलं नव्हतं. आक्काला हे पटेना. ती म्हणाली, शेवटचा येऊन आधीच्यापेक्षा पुढं कसा? मी म्हटलं, जग पुढे गेलं, आपण पण गेलो, ते जास्त गेले. त्यानंतर एक मुलगा उपांत्य फेरीपासून थोडक्यात राहिला. पाण्यातच चष्मा वर सारून तो बराच वेळ वरच्या पाटीकडे बघत होता.

मग मुलींची शंभर मीटर. आपली मुलगी कडेच्या, आठव्या रांगेत. कडेला म्हणजे आधीची वेळ कमजोर, हे मी सांगितलं नाही. शिट्टी झाली. आक्का पुढे सरकून बसली आणि तिचे खांदे हलायला लागले, पदराखाली, पाण्यात हलावेत तसे. पन्नास मीटरला सगळ्या वळल्या आणि तिने मला विचारलं, आता किती वळणं? मी म्हटलं, झालं. एवढं एकच. तिने माझ्याकडे बघितलं. आमच्या दहा फेऱ्यांत नऊ वळणं होती.

आपली मुलगी सातवी आली. पाटीवर लागलेली तिची वेळ एक मिनिट चोवीसच्या पुष्कळ आत होती. आणि तरी सातवी. दुपारपर्यंत कळलं की त्या दिवशीच्या शर्यतींमधून आपल्या संघातलं कोणीच पुढच्या फेरीत गेलं नाही. दाजी म्हणाले, लांब जाऊन आंघोळी करून आले. आक्काने त्यांना इतकंच सांगितलं की तुमी टाकीत उतरताना सुदिक दांडा धरता.

जेवणं झाल्यावर तिने फुलस्केप कागद आणि पेन माझ्यापुढे ठेवलं. मी तारीख टाकली, तिचं माहेरचं गाव लिहिलं. मग लिहिलं, 'शंभर मीटर अंतर.' पुढे पेन चालेना. खोट्या मापाखाली मी नोकरीत कधी सही केलेली नाही. ती समोर शेंगा निवडत बसली होती.

"भाऊ, काय झालं? वेळ इसरला काय?"

मी सांगून टाकलं. टेप, आठ चौऱ्याण्णव, अठरा इंच, दहा मीटर साठ, सगळं. आठ वर्षं माहीत होतं हेही. बोलताना मी कागदाकडे बघत होतो. शेंगा निवडायचा आवाज थांबला होता.

मग ती म्हणाली, "आन् विरोळ्याची कपार धरली का हिशोबात?"

पश्चिमेच्या अंगाला दगडांच्या कपारीत एक विरोळा राहायचा, पाण्यातला साधा साप. आक्का त्या बाजूला कधीच दगडाला हात लावत नव्हती, दोन-तीन हात अलीकडूनच वळायची, हे तिने मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. शेवटची फेरी पूर्वेकडे संपायची, तिथे हात लावायची, तेवढंच मी बघत होतो.

"तुला ठाऊक होतं?"

"थोडं कमी व्हतं ह्ये ठाऊक व्हतं. येवढं न्हाई." ती शेंगांकडे वळली आणि पुन्हा थांबली. "सकाळी ती पोरगी एका वळणात जाऊन आली, तवाच मला कळलं. आपुन नऊ बारी वळलो, त्यात चार बारी दगडाला लाथा मारल्या. त्या पोरीला कोन दगड दील?"

चुकीचा हिशेब दुरुस्त केला की बरं वाटतं, हा माझा आयुष्यभराचा अनुभव. तेव्हा तसं वाटलं नाही. चुलीजवळ मांजर ताटली चाटत होतं.

मग तिने विचारलं, "म्हंजे दादांचा हात केवढा व्हता?"

हा हिशेब मी कधी केला नव्हता. आठ वर्षांत आकडा शंभर वेळा मनात फिरवला, पण नेहमी आक्काच्या बाजूने. आठशे चौऱ्याण्णव भागिले बावीस. मी कागदाच्या कोपऱ्यात भागाकार केला. चाळीस सेंटिमीटर आणि सहा मिलिमीटर.

आक्का उठून शिलाई मशीनच्या खणातला टेप घेऊन आली. तिने तो टेबलाच्या कडेला लावला आणि चाळीस सहावर शिवणाच्या खडूने रेघ ओढली. मग कोपर टेबलाच्या टोकाला टेकवून हात त्यावर ठेवला. तिचं मधलं बोट रेघेच्या पुढे गेलं, दीडेक सेंटिमीटर. तिने हात काढून मला ठेवायला सांगितलं. माझा आणखी पुढे गेला. दादांना जाऊन एकोणीस वर्षं झाली. त्यांचा एक फोटो आहे, त्यात ते अंगावर कांबळं घेऊन बसलेत आणि दोन्ही हात कांबळ्याच्या आड आहेत. नाडा गेला, विहीर गेली, आणि त्यांच्या हाताचं माप माझ्या चुकीत राहिलं होतं.

"येवढासाच व्हता की," आक्का म्हणाली. "आन् आपल्याला वाटायचं केवढा."

ती बराच वेळ त्या रेघेपर्यंतच्या जागेवरून तळवा फिरवत राहिली. मग शेंगांची पाटी मांडीवर ओढून म्हणाली, "लिही आता."

"काय लिहू? चौतीस लिहितो. तेही कपार सोडून."

"चौतीस कशापायी? मी चौतीस पोहले न्हाई. मीटर खोड. दादांचे बावीस हात लिही. धा फेऱ्या. एक मिनिट चोवीस. ह्यात खोटं काय हाय?"

"आणि कपार?"

"ती पन लिही. पोरी हसतील. हसू दे."

आमच्या कार्यालयात मोजमापाच्या पुस्तकात खोडाखोड चालत नाही. आकडा चुकला तर त्यावर एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे अशी, बाजूला बरोबर माप लिहायचं आणि तिथे सही करायची. मी तसंच केलं. शंभर मीटरवर एक रेघ. बाजूला, दादांच्या हाताने बावीस हात रुंद विहीर, फेऱ्या दहा, पश्चिमेला विरोळा असल्याने अलीकडून वळून. वेळ एक मिनिट चोवीस सेकंद. दादांचा हात चाळीस सेंटिमीटर सहा मिलिमीटर. खाली सही.

आक्काने कागद हातात घेऊन दोनदा वाचला. मग दाजींना उठवून, त्यांनाही वाचून दाखवला.