संतबाईंच्या दारातले बूट

विझलेल्या मेणबत्तीचा वास आला की मला आम्ही परदेशात असतानाचं ते छोटं चर्च आठवतं. बायकोच्या मेंदूतल्या गाठीचं ऑपरेशन सुरू होतं. शुद्धीवर आल्यावर ती मला ओळखेल का, हे डॉक्टरही सांगू शकत नव्हते. "बाहेर जाऊन या, मी फोन करते," म्हणत नर्सने मला पाठवलं. घरातला पहिला ग्रॅज्युएट असलो तरी सवय तालुक्यातल्या देवळाची. चर्चच्या दारातच बूट काढले. "फरशी बर्फासारखी आहे हो, आमच्या संतबाई बुटांवर रागवत नाहीत," मेणबत्त्यांपाशी बसलेली म्हातारी बाई म्हणाली. कोण आजारी, कुठलं हॉस्पिटल, सगळं विचारून तिने मला भिंतीतली खिडकी दाखवली. शेकडो वर्षांपूर्वी मरता मरता त्या संतबाईंना ख्रिस्ताचं दर्शन झालं, त्या वाचल्या, मग त्यांनी या खिडकीमागच्या खोलीत स्वतःला जन्मभर कोंडून घेतलं, आणि गावातली माणसं या खिडकीशी येऊन आपलं दुःख सांगत. मी खिडकीशी वाकलो. तेवढ्यात फोन वाजला. "लगेच या." पुढे काही विचारायचा धीर झाला नाही, मी धावत सुटलो, रस्त्यावर टॅक्सी पकडली. वॉर्डाच्या दारात पोचलो तेव्हा बायकोने डोळे उघडले होते. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली, मग पुटपुटली, "अरे, बूट कुठे तुझे?" मी तिथेच खाली बसून रडलो. संध्याकाळी म्हातारी बूट घेऊन आली, दोन बस बदलून. संतबाई खोलीबाहेर कधी पडल्या नाहीत. पण आजही मेणबत्ती लावताना मला त्यांचा चेहरा त्या म्हातारीसारखाच दिसतो.