दुसऱ्या बाजूचा वेग

"अहो काका, तो ब्रेक आहे, साहेब नाही! उठसूट काय पाया पडताय त्याच्या?"

मावशीचा आवाज असा, की मागच्या सीटवर बसलेल्या माझाही पाय नसलेल्या ब्रेकवर गेला. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते ती. खर्जातला, जड आवाज; रिकामं पिंप जिन्यावरून गडगडत यावं तसा. शिकणारे काका घामाघूम होऊन उतरले, न्यायला आलेल्या आपल्याच बायकोला न ओळखता तिच्या शेजारून निघून गेले, तेव्हा मावशी म्हणाली, "बोल. तू काही गाडी शिकायला आलेली नाहीस."

"तुमच्या दोघांचा अल्बम कुणीतरी नेटवर टाकलाय. लोक वेडे झालेत."

"कुठला अल्बम?"

कुठला ते तिला चांगलं ठाऊक होतं. आयुष्यात एकच केला होता. 'गच्चीला कुलूप'. नव्वदच्या दशकात, आपल्याकडे रॅप म्हणजे काय ते समजावून सांगण्यातच अर्धा दिवस जायचा तेव्हा, मावशीने आणि तिच्या बिल्डिंगमधल्या एका मुलाने काढलेली कॅसेट. मुलगा सदानकदा पत्र्याचा डबा बडवायचा, म्हणून त्याचं नाव डबा. बीट त्याचे, रेकॉर्डिंग त्याचं, पहिली बाजू त्याची. दुसऱ्या बाजूला सुरुवातीला त्याचंच एक गाणं आणि मग सगळी मावशीची.

कॅसेट आली आणि बुडाली. जे काही लोक ऐकायचे ते दुसऱ्या बाजूला हसायचे. आवाज एवढासा, चिरका, घाईत चिवचिवणारा. मावशीचं नाव पडलं चिमणी. कॉलेजच्या स्टेजवर ती माइक घेऊन उभी राहिली, तर पुढच्या रांगेतून कुणीतरी मूठभर दाणे फेकले. तिने माइक खाली ठेवला तो ठेवलाच.

आता एक रेकॉर्ड कंपनी तोच अल्बम जुन्या काळ्या तबकडीवर नव्याने काढणार होती. डब्याने तिला फोन करून सांगितलं होतं, "आज कंपनीचा माणूस माझ्या दुकानात येतोय, तूही ये." मावशी म्हणाली होती, "तुमचं तुम्ही बघा."

मी फोनवर तिचं गाणं लावलं. चिवचिवाट सुरू झाला.

"बंद कर," ती म्हणाली.

"मावशी, हा तुझा आवाज नाही."

"माझाच आहे. रेकॉर्डमधला स्वतःचा आवाज सगळ्यांनाच परका वाटतो. डब्याने तेव्हाच समजावलं होतं."

"अगं, तुला परका वाटेल. मला का वाटावा? मी तर तुला जन्मभर बाहेरूनच ऐकतेय."

तिने वळून माझ्याकडे पाहिलं.

"आणि हा श्वास ऐक. नाटकांचं साऊंड मी सांभाळते, मला कळतं. दोन ओळींच्या मध्ये इतका तुटका श्वास माणूस घेऊच शकत नाही. टेप पळवलीये ही. पळवली की वेळ वाचतो आणि आवाज बारीक होतो."

"मला वाटलं, मीच घाबरून भरभर म्हटलं असेल."

मी फोनवर वेग कमी केला. थोडा, अजून थोडा. आणि मग गाडीत एकोणीस वर्षांची मावशी येऊन बसली. जड, सावकाश, दात आवळून बोलणारी.

*हळू बोल म्हणता? हळूच बोलतेय, नीट कान द्या,*
*दार लावलंत ना? मग बिजागऱ्या सांभाळून घ्या.*

हे असं धमकीसारखं म्हणायचं होतं तिला. आणि लोकांनी काय ऐकलं होतं? "हळूच बोलतेय" असं भरधाव किंचाळणारी चिमणी.

गाणं संपेपर्यंत ती समोरच्या काचेतून बघत राहिली. मग म्हणाली, "बेल्ट लाव."

डब्याचं दुकान म्हणजे साऊंड सिस्टीम भाड्याने द्यायचं गोदाम. भिंतीला लावलेले उंच स्पीकर, जमिनीवर वायरींची वेटोळी. डबा कोपराला वायर गुंडाळत होता. कंपनीचा दाढीवाला माणूस मांडीवर लॅपटॉप घेऊन एका स्पीकरवरच बसला होता.

"आलीस! ये, ये! मी यांना म्हणतच होतो—"

"डब्या, माझी गाणी तू पळवलीस?"

"म्हणजे? पळवायला मी काय चोर आहे?"

"नाटकं करू नकोस. नाटकवाली सोबत आणलीये."

वायर गुंडाळणारा हात थांबला. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा दाढीवाल्याकडे.

"अगं, कॅसेट लहान होती. दुसरी बाजू मावत नव्हती. एखादं गाणं गाळावं लागलं असतं. मी वाचवलं उलट!"

"कुणाचं वाचवलंस? त्या बाजूला तुझंही गाणं होतं. ते पळवलंस?"

"नाही."

"गाळावंसं वाटलं?"

"ते चांगलं होतं," डबा म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर त्याला कळलं आपण काय म्हणालो ते.

मावशीने आवाज चढवला नाही, उलट खाली नेला. ती खरी चिडली की असंच होतं.

"मी घशाच्या डॉक्टरकडे गेले होते, डब्या. तो म्हणाला, गळा ठणठणीत आहे. मी घरी येऊन म्हटलं, डॉक्टरला काही कळत नाही. कारण तुला कळत होतं ना सगळं! तू म्हणालास, आवाज परका वाटतोच. मी विश्वास ठेवला. दाणे फेकले माझ्यावर, तेव्हा तू बाजूलाच उभा होतास. तेव्हा तरी बोलायचंस."

"तेव्हा बोलून काय झालं असतं?"

"मला कळलं असतं, की खोट माझ्यात नाहीये!"

दाढीवाला घसा खाकरत म्हणाला, "मॅडम, पण आज लोकांना तो चिमणीचा आवाजच आवडतो. तीच तर या अल्बमची गंमत आहे."

"तुमची गंमत. माझा गळा."

"तसं नाही हो. खऱ्या वेगात घेतली तर तुमची गाणी लांबतात आणि तबकडीच्या बाजूलाही मर्यादा असते. पुन्हा तेच, एक गाणं काढावं लागेल. त्यापेक्षा रेकॉर्डवर आहे तसंच ठेवू आणि खरा वेग नेटवर वेगळा टाकू."

"बघ!" डबा फुलला. "दोन्ही झालं. सगळे खूश."

"मी खूश दिसतेय तुला? माझी बाजू माझ्या वेगात निघेल. नाहीतर निघणार नाही."

दाढीवाल्याने लॅपटॉप मिटला. "दुसरी बाजू नसेल तर रेकॉर्डला अर्थ नाही," तो डब्याला म्हणाला. "लोक तीच शोधत येतात. सॉरी, पण तसं आहे."

डबा खाली बसला, वायरीच्या वेटोळ्यावरच. 

"ते गाणं मी बाबांवर लिहिलंय," तो म्हणाला. "त्याच वर्षी गेले ते."

"माहितीये. जिन्यात भेटले की विचारायचे मला, नवीन काय लिहिलंस? तू कधी विचारलं नाहीस." मावशीने क्षणभर डोळे मिटले. "तुझ्या बाबांचं गाणं पहिल्या बाजूला घे. तिथलं तुझं दुसरं कुठलंही काढ."

"तिथलं कसं काढू? सगळी चांगली आहेत."

मावशी हसली. ते हसू ऐकून दाढीवालासुद्धा स्पीकरवरून उठून उभा राहिला.

"सगळी चांगली! हो का रे? एकही पडेल नाही? आणि माझी काय रबराची होती, ताणा नाहीतर आवळा? तेव्हाही कात्री तुझ्या हातात होती आणि आजही आहे. तेव्हा मला न विचारता चालवलीस. आज माझ्या डोळ्यांदेखत चालव. बघू दे मला."

डब्याने कपाळ चोळलं. पहिल्या बाजूची गाणी तो ओठांतल्या ओठांत पुटपुटत गेला, परत मागे आला.

"पहिलंच काढा," तो दाढीवाल्याला म्हणाला.

"कुठलं?"

"ज्यात मी नुसतं माझंच नाव घेत सुटलोय ते."

दाढीवाल्याने मान हलवली. डबा मावशीकडे वळला. "झालं? आता तरी सोड ना राग."

"रेकॉर्ड नीट निघेल. रागाचं काही ठरलं नव्हतं."

"अगं, एवढी वर्षं झाली..."

"तेच म्हणतेय मी. एवढी वर्षं." तिने माझा फोन घेऊन त्याच्यापुढे धरला. "मोठ्या स्पीकरला लाव. हिने बसवलेल्या वेगात. माझी सगळी गाणी."

त्याने वायर जोडली. पहिल्या ठोक्याला दुकानाचं अर्धं ओढलेलं शटर थरथरलं. मग मावशीचा आवाज आला आणि रस्त्यावरून जाणारे दोघेजण थांबून आत डोकावले. मावशी हाताची घडी घालून मधोमध उभी होती. रडली वगैरे नाही. एकेका ओळीला डब्याच्या तोंडाकडे बघत होती.

तिसऱ्या गाण्याला त्याच्याही नकळत त्याची मान ठेक्यावर हलायला लागली.

"मान डोलावू नकोस," मावशी म्हणाली. "ऐक नुसतं."